नाट्यस्पर्धांची उतरंड

दिवाळीचा फराळ अजून डब्यांतून संपलेला नसतो, दारावरचा आकाशकंदील उतरलेला नसतो, आणि गावोगावच्या हौशी नाटकमंडळींच्या घरी निराळीच धांदल उडालेली असते. कोणी बँकेतला कारकून, कोणी बी-बियाण्यांच्या दुकानाचा मालक, कोणी शाळामास्तर, कोणी नुकतीच महाविद्यालयात जाऊ लागलेली मुलगी. ही सारी मंडळी संध्याकाळी कोणाच्या तरी ओसरीवर जमतात आणि रात्री उशिरापर्यंत संवाद घोकीत बसतात. राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबरात उभी राहते, आणि एकांकिकांच्या स्पर्धांचाही हंगाम त्याच सुमारास भरात येतो. त्यामुळे लक्ष्मीपूजन झाले की नटराजपूजन, असा आमच्याकडच्या कित्येक घरांचा परिपाठच होऊन बसला आहे.

अशा बैठकीत एक वाद हमखास निघतो. सगळ्यांत मोठी स्पर्धा कोणती? एकजण म्हणतो, "राज्य! सरकारी मोहोर आहे तिच्यावर." दुसरा म्हणतो, "छे! पुरुषोत्तम. पुण्यात जिंकले तर जिंकले." तिसरा म्हणतो, "सवाईपुढे दोन्ही फिक्या. तिथे पहिले आलेलेच जातात." आणि एवढ्यात घरातली एखादी वडीलधारी बाई चहाचे कप पुढे करता करता विचारते, "पण बाबू, पाहायला माणसं किती येतात?" या शेवटच्या प्रश्नावर मंडळी हसतात आणि पुन्हा तालमीला लागतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

हा वाद रिकामपणाचा उद्योग आहे असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा ठिकाणचा विशीतला मुलगा नाटक लिहायला बसतो तेव्हा कागदावर पहिली ओळ उमटण्यापूर्वीच त्याच्या मनात एक स्पर्धा उभी असते. ती स्पर्धा जेवढ्या वेळाची, तेवढे त्याचे नाटक. तिच्या परीक्षकांना जे आवडते अशी वदंता असते, तसले त्याचे विषय. कोणत्या स्पर्धेला आपण मोठे म्हणतो यावर आपल्या मुलांच्या हातून कसले नाटक लिहून होईल हे थोडेबहुत ठरते. म्हणून हा मोठेपणा कशावरून मोजायचा, याचा एकदा नीट विचार करणे बरे.

लोकांच्या हातातली मापे साधारण चार. पहिले माप पैशाचे. पण बक्षिसाच्या रकमेवर मोठेपण ठरत असते तर गणेशोत्सवातल्या एखाद्या धनवान मंडळाची स्पर्धा सर्वांच्या वर बसली असती. तशी ती बसत नाही, हे आपण सारे जाणतो. दुसरे माप शहराचे. मुंबई-पुण्यात झाली ती मोठी आणि जिल्ह्याच्या गावी झाली ती धाकटी. हे माप आपणच आपल्या हाताने स्वतःच्या पाठीवर मारून घेतलेले आहे. तिसरे माप वयाचे. जुनी ती मोठी. यात थोडे तथ्य आहे, पण नुसत्या वयाने मोठेपण येत असते तर प्रत्येक जुना वाडा राजवाडा झाला असता. चौथे माप पाहुण्यांचे. बक्षीससमारंभाला सिनेमातले कोण आले होते यावरून स्पर्धेची उंची मोजणारे लोक असतात. त्यांच्याविषयी या सणासुदीच्या दिवसांत काही न बोललेलेच बरे.

या घोळातून बाहेर पडण्यासाठी क्षणभर दूरदेशी जाऊ. बर्फावर धारदार पात्यांचे बूट घालून नाचण्याचा एक खेळ आहे. घरातल्या मुलांनी तो दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिला असेल. तो खेळ आहे आणि कलाही आहे. धावण्याच्या शर्यतीत फीत आधी कोणी तोडली ते डोळ्यांना दिसते. इथे मात्र खुर्च्यांवर बसलेली माणसे गुण देतात तेव्हाच पहिला कोण ते कळते. आपल्या नाट्यस्पर्धेची जात अगदी हीच. या खेळाची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे सुरू झाली, आणि ऑलिंपिकमध्ये तो आला १९०८ साली, लंडनला. म्हणजे वयाने जागतिक स्पर्धा वडील. तरीही चार वर्षांतून एकदा येणाऱ्या ऑलिंपिकचे पदक सामान्य माणसाला अधिक मोलाचे वाटते. जाणकार मात्र असेही विचारतात की, एका रात्रीच्या पदकापेक्षा वर्षामागून वर्षे जागतिक स्पर्धेत टिकून राहणे अधिक अवघड नव्हे काय? वाद आपल्या ओसरीवरच्या वादासारखाच आहे.

या खेळावर २००२ साली मोठे संकट आले. सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोडीच्या नृत्यात रशियन जोडीला सुवर्णपदक मिळाले आणि कॅनडाच्या जोडीला रौप्य. मग एका परीक्षकाच्या मतावर दबाव आल्याची गोष्ट उघड झाली, गदारोळ उठला, आणि शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. जुनी सहा गुणांची पद्धत मोडीत निघाली आणि २००४ पासून नवी पद्धत आली. प्रत्येक उडीची, प्रत्येक गिरकीची किंमत ठरली; सौष्ठवाचे आणि भावाचे गुण निराळे झाले. सर्वांत मोठ्या म्हणवणाऱ्या स्पर्धेचा मोठेपणाही परीक्षकाच्या एका खुर्चीवर तोलून धरलेला असतो, ही गोष्ट त्या वर्षी जगाला दिसली. आपल्या कामाचे पहिले सूत्र इथे मिळते. स्पर्धेची प्रतिष्ठा तिच्या चषकात नसते. ती परीक्षकाच्या खुर्चीत असते.

आता घरी परत येऊ आणि आपल्या स्पर्धांकडे एकेक करून पाहू.

राज्य नाट्यस्पर्धेची सुरुवात मुंबई राज्याच्या काळात, १९५४ साली, नाट्यमहोत्सवाच्या रूपाने झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तिने आजचे रूप घेतले आणि तिच्या क्रमांकाने आता साठी ओलांडली आहे. नागपूर, अमरावती, चंद्रपूर अशा राज्यभरच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी होते, निवडलेली नाटके अंतिम फेरीला जातात. पूर्ण लांबीचे नाटक करावे लागते. संगीत नाटक, बालनाट्य, हिंदी, संस्कृत अशा तिच्या शाखाही वाढल्या आहेत. तिला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. रिकामी प्रेक्षागृहे, एकाच नाटकाचे दहा ठिकाणी दहा संघांनी केलेले प्रयोग, परीक्षकांच्या नावाने शंख, हे सारे दरवर्षी ऐकू येते. पण एक गोष्ट नावे ठेवणारे विसरतात. या स्पर्धेच्या दारावर वयाचा पहारेकरी नाही आणि महाविद्यालयाचे ओळखपत्रही तिथे कोणी मागत नाही. पन्नाशीचा तलाठी आणि विशीची मुलगी एकाच नाटकात शेजारी उभे राहू शकतात, आणि ज्यांना मुंबई-पुणे कधी दिसणार नाही अशा लोकांचे नाटकही त्याच कागदावर तपासले जाते. गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांसाठी कामगार कल्याण मंडळाने जी नाट्यस्पर्धा चालवली, तिचेही हेच पुण्य आहे.

आणि या स्पर्धेने मागे काय ठेवले? एकच उदाहरण सांगतो. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन'ने १९६७ साली राज्य नाट्यस्पर्धेसाठी उभे केले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, आणि बेणारेबाई सुलभा देशपांडे. एका गावात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी खोट्या खटल्याचा खेळ मांडतात आणि त्या खेळात आपल्यातल्याच एका शिक्षिकेला फाडून खातात, अशी ही गोष्ट. हौशी नटांच्या स्पर्धेत हौशी नटांचेच असे भेसूर चित्र यावे, आणि ते स्पर्धेच्या चौकटीतून बाहेर पडून देशभरच्या भाषांत जावे, हे लहानसहान भाग्य नव्हे. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला. त्या स्पर्धेत नाटकाचा क्रमांक कितवा लागला होता, हे आज कोणी विचारीत नाही. बेणारेबाईचे पुढे काय झाले असेल, हे मात्र वाचणारा प्रत्येकजण अजून विचारतो.

'घाशीराम कोतवाल'चीही कथा तशीच. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग केला. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत. पुढे वादळ उठले, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले, तरुण मंडळींनी बाहेर पडून १९७३ साली थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपलाही जाऊन आले. स्पर्धांच्या त्या वातावरणात तयार झालेली ही तरुण मंडळी होती, पण नाटक जगले ते पारितोषिकामुळे नव्हे. संस्थेने पाठ फिरवल्यावरही मंडळींनी ते सोडले नाही, म्हणून ते जगले.

ही मंडळी तयार कुठे झाली, हे विचारले की पुरुषोत्तम करंडकाचे नाव घ्यावेच लागते. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर यांची पिढी या मांडवाखालून गेलेली. तिची शिस्त कडक. नेपथ्याच्या थाटमाटाला, दिव्यांच्या आतषबाजीला तिथे मान नाही. नटाने नट असावे आणि शब्द ऐकू यावा, एवढी तिची अपेक्षा. आता पुण्याबाहेरच्या केंद्रांवरही ती होते आणि महाअंतिम फेरीला सारे पुण्यात एकत्र येतात.

या स्पर्धेच्या इतिहासात २०२२ साली एक गोष्ट घडली. करंडक द्यावा अशा योग्यतेची एकही एकांकिका आढळली नाही, असे परीक्षकांनी ठरवले आणि करंडक कोणालाच दिला नाही. असे पूर्वी कधी झाले नव्हते. मुले दुखावली, रडली. वर्तमानपत्रांतून वाद झाला. दोन-दोन महिने घसा फोडून तालमी करणाऱ्या पोरांचा हा अपमान आहे, असे एका बाजूने म्हटले गेले. दुसऱ्या बाजूने म्हटले गेले की, बरे झाले, कोणीतरी आरसा दाखवला.

शाळामास्तराच्या नजरेने मला या प्रकरणात दोन्ही बाजू दिसतात. सगळ्या वर्गाला नापास करणारा मास्तर एकतर फार चांगला असतो किंवा फार वाईट. तो कोणता, हे त्याने वहीच्या समासात काय लिहिले आहे त्यावरून ठरते. नुसता लाल भोपळा काढून वही परत केली तर तो मास्तर वाईट. "हे वाक्य असे का लिहिलेस? इथे तू दुसऱ्याची नक्कल केलीस. या प्रसंगात तुझे स्वतःचे काय?" असे लिहून वही परत केली, तर तोच भोपळा पोराला जन्मभर पुरतो. नाकारण्याचा अधिकार ज्या स्पर्धेने कधी वापरलाच नाही, तिचे होकारही स्वस्त होतात, हे खरे. जो दुकानदार प्रत्येक नाणे खरे म्हणून घेतो त्याच्या गल्ल्याला कोण मान देईल? म्हणून २०२२ च्या निर्णयाने पुरुषोत्तमची पत घटली असे मी म्हणणार नाही, वाढलीच. मात्र ती पत टिकवायची तर नकारासोबत कारण आले पाहिजे, आणि ते सविस्तर, नाटकाच्या भाषेत, मुलांना हाती धरता येईल असे आले पाहिजे. खुर्ची मोठी असेल तर समासही मोठा हवा.

तिसरी सवाई. मुंबईच्या चतुरंग प्रतिष्ठानची ही स्पर्धा. वर्षभरात कोठे ना कोठे पहिले पारितोषिक मिळवलेल्या एकांकिकांनाच तिचे दार उघडे. अंतिम फेरी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री सुरू होते ती पहाटेपर्यंत चालते, आणि प्रेक्षागृह रात्रभर जागे असते. बर्फावरच्या नृत्यातही हंगामातल्या निरनिराळ्या स्पर्धा गाजवलेल्या मोजक्या खेळाडूंची एक शेवटची झुंज असते. तिचीच ही मराठी बहीण म्हणा. चाळणीतून चाळलेले पुन्हा चाळले जाते. रंगत तिथे जास्त, चुरस जास्त, सफाई जास्त. पण चाळणी कितीही बारीक असली तरी तिच्यातून दाणा पिकत नाही. तो शेतातच पिकावा लागतो. सवाई नवे नाटक जन्माला घालीत नाही, जन्मलेल्याची दृष्ट काढते. हा तिचा दोष नव्हे, ते तिचे कामच आहे. २०१४ पासून 'लोकसत्ता'ची लोकांकिका स्पर्धा आली, मुंबईत आय.एन.टी.ची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे, आणखीही कितीतरी आहेत. त्या सर्वांचे गुणदोष याच तीन नमुन्यांत कोठेतरी बसतात.

स्पर्धांची ही बेरीज मांडल्यावर १९६७ या एकाच सालाकडे पुन्हा एकदा पाहावे असे मला वाटते, कारण त्या एका साली मराठी नाटकात तीन निरनिराळ्या दारांनी तीन पाहुणे आले. 'शांतता!' स्पर्धेच्या दाराने आले, ते आपण पाहिलेच. दुसरे आले धंदेवाईक रंगभूमीच्या दाराने. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक त्याच वर्षी नाट्यसंपदेने रंगभूमीवर आणले. अभिषेकीबुवांचे संगीत, आणि नागपुरात वाढलेले वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत. गंमत अशी की, स्पर्धेच्या दाराने न आलेले हे नाटक स्पर्धेविषयीच आहे! राजगायकाचे पद, राहायला हवेली, आणि जिच्या बळावर एक खून माफ ती मानाची कट्यार, हे सारे गाण्याच्या सामन्यावर लागलेले. खाँसाहेब ते मिळवतात. पण हवेली मिळाली म्हणून गाण्याचा प्रश्न सुटत नाही. तो तेथून सुरू होतो. जिंकलेल्या माणसाला हरलेल्याची गायकी रात्री झोपू देत नाही. स्पर्धांच्या प्रतिष्ठेवर आमच्या विदर्भाच्या लेखकाने एवढे भाष्य करून ठेवलेले असताना आम्ही अजून चषकांची उंची मोजत बसावे, हे आश्चर्य!

तिसरा पाहुणा आला मासिकाच्या दाराने. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे महेश एलकुंचवार, यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ साली 'सत्यकथे'त छापून आली. विजया मेहतांच्या नजरेला ती पडली आणि त्यांनी एलकुंचवारांच्या एकांकिका 'रंगायन'तर्फे रंगभूमीवर आणल्या. पुढे १९८५ साली 'वाडा चिरेबंदी' आले, आणि आमच्या वऱ्हाडातल्या घरांचे पडके माळे, आमची मुलूखभाषा, आमच्या आयाबहिणींचे दागिने आणि अबोला, सारे मराठी नाटकात कायमचे वस्तीला आले. कोणत्या करंडकाने हे नाटक शोधून काढले? कोणत्याच नाही. एका संपादकाने वाचले, एका दिग्दर्शिकेने ओळखले. दिवाळी अंक हाती घेऊन बसलेल्या वाचकाने हे लक्षात ठेवावे. छापलेल्या पानाचे दार अजून बंद झालेले नाही.

आणि आता त्या चहा देणाऱ्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. पाहायला माणसे किती येतात?

आमच्या वर्ध्याहून पूर्वेकडे निघालात की भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या धानाच्या मुलखात झाडीपट्टीची रंगभूमी लागते. भाऊबीजेच्या आसपास मंडई भरू लागतात आणि धान घरात आले की जवळजवळ होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचे ठाणे. मंडळ्यांच्या कचेऱ्या तेथे, नट ठरवायचे तेथे, तारखा घ्यायच्या तेथे. सरकारचे अनुदान, परीक्षकांची खुर्ची, चषक यांतले काही नसताना तिकीट काढून माणसे येतात, घोंगड्या अंगावर घेऊन पहाटेपर्यंत बसतात, आणि नाटक पडले तर तसे तोंडावर सांगतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोली जिल्ह्याचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीतले प्रत्येक नाटक उत्तम असते असे कोणी म्हणणार नाही. भडकपणा आहे, मधूनच घुसडलेली गाणी आहेत, रडारड आहे. पण ज्या नटाला समोरची हजार माणसे जागी ठेवायची आहेत, त्याच्या अंगी जे बळ येते ते तीन परीक्षक आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर येत नाही.

इथे आपल्या हौशी रंगभूमीच्या दुखण्यावर बोट पडते. 'स्पर्धेचे नाटक' नावाची एक जातच आता तयार झाली आहे. तिची लक्षणे कोणीही सांगेल. पडदा उघडतो तेव्हा अंधार असतो. मग एका कोपऱ्यात निळा प्रकाश येतो. पाच-सात मुले एकसुरात काहीतरी म्हणतात. मध्ये एक वेडा असतो, तोच सगळ्यांत शहाणा निघतो. शेवटी एक मृत्यू होतो आणि सारे गोठून उभे राहतात. ज्या गावच्या मुलांनी हे नाटक केले, त्या गावात कापसाचे भाव पडले होते, सोयाबीन पिवळे पडले होते, तालुक्याच्या दवाखान्यात रांगा होत्या, कोणाच्या घरी मुलीचे लग्न अडले होते. त्यातले काहीही नाटकात नसते. असलेच तर परीक्षकाला हळहळ वाटावी एवढ्यापुरते असते. मुलांना दोष कशाला द्यावा? मोठी स्पर्धा म्हणजे दूरची स्पर्धा, आणि दूरच्या माणसाला आवडेल ते नाटक, असे आपणच त्यांना शिकवले.

म्हणून माझे माप मी स्पष्ट सांगतो. स्पर्धा मोठी कोणती? जिच्यातून निघालेले नाटक दहा वर्षांनी कोणाला तरी पुन्हा करावेसे वाटते, ती. जिचा परीक्षक नकार देताना कारण सांगतो, ती. आणि जिचे दार गरिबाला, वयस्काला, आडगावच्याला लागलेले नाही, ती. या तीन कसोट्या लावल्या तर मी राज्य नाट्यस्पर्धेला पहिले स्थान देईन, तिचे सारे दोष डोळ्यांसमोर असताना देईन. पुरुषोत्तमला दुसरे, कारण त्याने माणसे घडवली. पण त्याचे दार महाविद्यालयापुरते. सवाईला तिसरे, कारण तिची रात्र देखणी असली तरी पीक दुसऱ्याच्या शेतातले. हा क्रम वाचून पुण्या-मुंबईचे माझे मित्र नाराज होतील. त्यांनी खुशाल व्हावे. दिवाळीत थोडेसे भांडण झाले की फराळाला चव येते.

पण मोठेपणाबरोबर जबाबदारीही येते, आणि राज्य स्पर्धेकडे आम्हा जिल्ह्याच्या लोकांचे दोन मागणे आहे. पहिले, जे नाटक अंतिम फेरीत पहिले येईल ते तालुक्यांच्या गावी फिरले पाहिजे. वर्ध्याच्या, हिंगणघाटच्या, देवळीच्या माणसाला आपल्याच राज्यातले पहिल्या क्रमांकाचे नाटक पाहायला मिळत नसेल, तर तो क्रमांक त्याच्या दृष्टीने वर्तमानपत्रातली एक ओळ आहे, आणखी काही नाही. दुसरे, प्राथमिक फेरीत बाद झालेल्या प्रत्येक संघाला परीक्षकांचे चार शब्द लेखी मिळाले पाहिजेत. पाऊणशे किलोमीटरवरून टेम्पोत नेपथ्य घालून, रजा काढून, पदरचे पैसे घालून नागपूर गाठणाऱ्या माणसाला नुसता क्रमांक देऊन परत पाठवू नये. क्रमांक घरी पोचेपर्यंत विसरतो. चार शब्द पुढच्या नाटकापर्यंत पुरतात.

आणि एक मागणे आपल्या स्वतःकडेही करावे. गावातली मुले स्पर्धेला निघण्यापूर्वी त्यांचा एक प्रयोग गावातच व्हावा, आणि त्याला आपण घरच्या सर्वांसह जावे. शाळेचे मैदान आहे, देवळाचा सभामंडप आहे, मंगल कार्यालय आहे. आजीला समजले नाही ते परीक्षकाला समजेल, या भ्रमात नाटककाराने राहू नये. आजी जिथे डुलकी घेते तिथे बहुधा नाटकही डुलकी घेत असते. तिकीट पाच रुपयांचे ठेवावे, पण ठेवावे. फुकट पाहणारा फक्त कौतुक करतो.

आमच्याकडे जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंड असे. मडक्यावर मडके रचलेले, खाली मोठे, वर लहान, सर्वांत वर एखादी चकचकीत लोटी. बाहेरून आलेल्या पोराच्या नजरेत आधी ती लोटी भरत असे आणि त्याला वाटे की, वर आहे म्हणजे तीच मोठी. पण वर्षभराचे धान्य असे तळाच्या रांजणात, आणि तो हलला तर सारी उतरंड कोसळे. आपल्या नाट्यस्पर्धांचीही रचना अशीच आहे. वरची लोटी घासूनपुसून लखलखीत ठेवायला हरकत नाही. तळचा रांजण मात्र नागपूर-चंद्रपूर-अमरावतीच्या प्राथमिक फेरीत आहे, वडशाच्या मांडवात आहे, आणि ओसरीवर रात्री चाललेल्या तालमीत आहे. यंदा तो भरलेला आहे की नाही, तेवढे दिवाळी संपण्यापूर्वी आपल्या गावात पाहून घ्यावे.